परांची ते बूम लिफ्ट: पडण्याची किंमत कोण मोजतं?

आजचा भाग लोकलमध्ये किंवा बसमध्ये ऐकत असाल तर खिडकीची जागा पकडा, कारण आजचा विषय तुम्हाला बाहेरच दिसणार आहे. एखादी इमारत बघा जिचं रंगकाम नाहीतर डागडुजी चालू आहे. तिच्या अंगाला बांबूंचा किंवा लोखंडी पाइपांचा एक पिंजरा चिकटलेला असेल, वर हिरवी जाळी असेल आणि त्या पिंजऱ्यात फळीवर उभी राहिलेली दोन-तीन माणसं असतील. त्या पिंजऱ्याला मराठीत परांची म्हणतात, काही भागांत पहाड म्हणतात. पेपरात हा शब्द आपल्याला बहुतेक एकाच बातमीत भेटतो: ‘परांची कोसळून मजूर ठार’.

आता जरा पुढे बघा. मेट्रोच्या स्टेशनात किंवा मॉलमध्ये तेच उंचीवरचं काम चालू असतं, पण तिथे माणूस एका पिवळ्या किंवा निळ्या यंत्राच्या पाळण्यात उभा असतो. बटण दाबलं की पाळणा वर, बटण दाबलं की खाली. एकाच शहरात, एकाच दिवशी, एक माणूस सुंभाने बांधलेल्या बांबूवर आणि दुसरा लाखो रुपयांच्या यंत्रात. हे यंत्र काही काल-परवा आलेलं नाही, पन्नासहून जास्त वर्षं जुनं आहे. मग ते एकाकडे पोहोचलं आणि दुसऱ्याकडे का नाही? आजचा सगळा इतिहास या एका प्रश्नासाठी आहे.

आधी वेरूळला जाऊ

उंचीवर काम कसं करायचं, या प्रश्नाचं सगळ्यात भन्नाट उत्तर आपल्याच महाराष्ट्रात आहे. वेरूळची १६ क्रमांकाची लेणी, म्हणजे कैलास मंदिर. आठवं शतक, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा काळ. सुमारे ३० मीटर उंचीचं हे मंदिर बांधलेलं नाही, कोरलेलं आहे, आणि तेही वरून खाली. आधी कळस, मग शिखर, मग मंडप, सगळ्यात शेवटी पाया.

यावर एक दंतकथा आहे. ‘कथाकल्पतरू’ या जुन्या मराठी ग्रंथात ती येते. राजा आजारी पडला. राणीने नवस केला की राजा बरा झाला तर शंकराचं देऊळ बांधीन, आणि त्याचा कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला. आता पंचाईत! देऊळ बांधायला कितीतरी महिने लागणार, तोवर राणी उपाशी राहणार? तेव्हा पैठणचा कोकस नावाचा स्थपती पुढे आला आणि म्हणाला, आठवड्यात कळस दाखवतो. त्याने डोंगराच्या माथ्यावरून कोरायला सुरुवात केली आणि सगळ्यात आधी कळसच काढला. राणी जेवली.

गोष्ट खरी असो नसो, तिच्यात तंत्राची एक गंमत लपलेली आहे. वरून कोरत आलं की पाथरवट कायम दगडावरच उभा असतो. त्याच्या पायाखाली डोंगर असतो. परांचीची गरजच फारशी पडत नाही. माणसाला उंचीवर चढवायच्या ऐवजी काम माणसाच्या पायापाशी आणलं.

पण प्रत्येक इमारतीला असा डोंगर कुठून आणणार? विटांची भिंत खालून वरच जाते. भिंत डोक्याच्या वर गेली की गवंड्याला उभं राहायला काहीतरी लागतं. तिथून परांचीचा जन्म होतो.

बांबूचं गणित

बांबूला ‘गरिबाचं लाकूड’ म्हणून नाक मुरडू नका. इंजिनिअरच्या नजरेने बघितलं तर बांबू ही निसर्गाने बनवलेली पोकळ नळी आहे. पोकळ असल्यामुळे हलका, आणि मधेमधे पेरं असल्यामुळे सहज चेपत नाही. दोन माणसं खांद्यावर टाकून अरुंद बोळातून नेऊ शकतात. लांबी कमी पडली तर जोडता येतो, जास्त झाली तर कापता येतो. भिंत वाकडी असो, मध्ये झाड असो, बाल्कनी असो, बांबू सगळ्याला वळसा घालतो.

त्याचा कच्चा दुवा आहे गाठ. बांबू एकमेकांना बांधतात सुंभाने किंवा दोरीने. पावसात दोरी भिजते, उन्हात सुकते, सैल होते. बांबू स्वतः कुजतो, किडतो आणि प्रत्येक बांबूची जाडी वेगळी. त्यामुळे ही परांची किती वजन पेलेल, याचं उत्तर कागदावर काढता येत नाही. ते बांधणाऱ्याच्या हातात आणि अनुभवात असतं. हात चांगला असेल तर परांची उत्तम. हात नवशिका असेल तर? ते वर चढणाऱ्याला कळायला मार्गच नसतो.

युरोपातही शेकडो वर्षं हेच चालू होतं, फक्त बांबूच्या जागी लाकडी वासे होते. जुन्या किल्ल्यांच्या आणि चर्चच्या भिंतींत ओळीने चौकोनी भोकं दिसतात ना, ती परांचीचे आडवे वासे खोचण्यासाठी ठेवलेली असायची.

हे बदललं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये. पामर-जोन्स नावाच्या कंत्राटदाराने दोरीच्या गाठीऐवजी धातूची पकड वापरायला सुरुवात केली. १९१३ मध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या दर्शनी भागाच्या कामावर ती वापरली गेली आणि गाजली. १९१९ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती आली. हळूहळू वाशांच्या जागी पोलादी पाइप आले. आज जगभर परांचीच्या पाइपचा बाहेरचा व्यास साधारण ४८ मिलिमीटर असतो.

तुम्ही म्हणाल, एका क्लॅम्पचं एवढं काय कौतुक? कौतुक यासाठी की पाइप सगळे सारखे, पकडी सगळ्या सारख्या. म्हणजे ताकदीचा हिशेब करता येतो. आणि ज्याचा हिशेब करता येतो, त्याचा नियम करता येतो. गाठ सैल होती की घट्ट, यावर कोर्टात वाद घालणं अवघड आहे. इथे चार क्लॅम्प हवे होते आणि दोनच लावले, हे मात्र मोजून दाखवता येतं.

अकरा माणसं आणि एक जाळं

आता एक फोटो डोळ्यांसमोर आणा. तुमच्यापैकी अनेकांनी तो पोस्टरवर नाहीतर मीममध्ये पाहिलेला आहे. न्यूयॉर्कच्या आकाशात एका पोलादी तुळईवर अकरा कामगार पाय सोडून बसलेत आणि जेवतायत. तारीख २० सप्टेंबर १९३२, जागा रॉकफेलर सेंटर, मजला ६९ वा. फोटो जाहिरातीसाठी मुद्दाम जमवून काढलेला होता, पण माणसं खरी होती आणि उंचीही खरी होती. नीट बघा, एकाच्याही कमरेला पट्टा नाही आणि डोक्यावर हेल्मेट नाही, साध्या टोप्या आहेत.

हे धाडस होतं का? थोडं असेल. पण १९३२ म्हणजे महामंदीचं साल. अमेरिकेत लाखो लोक बेकार होते. वरचा माणूस कामावर नको म्हणाला तर त्याची जागा घ्यायला खाली कितीतरी जण तयार होते. माणूस स्वस्त झाला की त्याच्या सुरक्षेवर खर्च करायची घाई कुणालाच नसते.

त्या काळात अमेरिकेतल्या मोठ्या बांधकामांत एक ठोकताळा चालायचा: दर दहा लाख डॉलर खर्चामागे एक मृत्यू. हे कुणी लपवून सांगत नव्हतं, अंदाजपत्रकातल्या सिमेंटसारखं ते गृहीत धरलं जायचं.

१९३३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोमध्ये गोल्डन गेट पुलाचं काम सुरू झालं. खर्च होता साधारण साडेतीन कोटी डॉलर. ठोकताळ्याप्रमाणे किती माणसं जाणार? ३५. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस याने हे गृहीतक मानलं नाही. त्याने कामगारांना हेल्मेट सक्तीचं केलं आणि पुलाखाली एक प्रचंड जाळं बांधलं. सर्कशीत झुल्याखाली असतं तसं, फक्त पुलाच्या मापाचं. त्याला सुमारे १ लाख ३० हजार डॉलर लागले. एकूण खर्चाचा भाग काढला तर अर्धा टक्कासुद्धा नाही.

त्या जाळ्यात पडून १९ माणसं वाचली. त्यांनी स्वतःचा क्लबच काढला, ‘हाफवे टू हेल क्लब’, म्हणजे नरकाच्या अर्ध्या वाटेवरून परत आलेल्यांचा क्लब. कामगारांचा विनोद असाच असतो.

पण गोष्ट इथे गोड होऊन संपत नाही. पुलाचं काम संपत आलेलं असताना, १७ फेब्रुवारी १९३७ रोजी, पुलाखाली लटकवलेला कामाचा एक फिरता मचाण निखळला. माणसांसकट तो जाळ्यावर कोसळला. जाळं माणसाचं वजन झेलण्यासाठी होतं, टनावारी वजनाच्या मचाणासाठी नव्हतं. ते फाटलं. १० जण गेले. पुलाच्या पूर्ण कामात एकूण ११ मृत्यू झाले.

११ आणि ३५ मधला फरक लक्षात ठेवा. अर्ध्या टक्क्याहून कमी खर्चात तो पडला. आणि हेही लक्षात ठेवा की एकटं जाळं पुरत नाही. ज्यावर माणूस उभा आहे ते साधनच भरवशाचं हवं.

चेरी तोडणारा माणूस आणि हूवर धरण

आता यंत्रांकडे येऊ. १९४४ मध्ये अमेरिकेत जे आयटेल नावाचा माणूस शिडीवर चढून चेरी तोडत होता. शिडी लावा, चढा, चार चेऱ्या तोडा, उतरा, शिडी सरकवा, परत चढा. तो इतका वैतागला की माणसाला पाळण्यात उभं करून हव्या त्या फांदीपाशी नेईल असा यांत्रिक हात त्याने बनवला. पुढे १९५३ मध्ये त्याने यासाठी कंपनी काढली. विजेच्या आणि टेलिफोनच्या तारांचं काम करणाऱ्यांना हे साधन फार उपयोगी पडलं. आजही अशा गाडीला इंग्रजीत ‘चेरी पिकर’ म्हणतात. रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करायला येते ना, तीच.

दुसरी गोष्ट जॉन ग्रोव्हची. हा क्रेनच्या धंद्यातला माणूस. धंद्यातून बाहेर पडून १९६७ मध्ये बायकोबरोबर गाडीने देश बघायला निघाला. कंपनीच्या इतिहासात सांगतात ती हकीकत अशी: हे दोघे हूवर धरणापाशी थांबले असताना परांचीवरच्या दोन कामगारांना विजेचा धक्का बसून मृत्यू आला. ग्रोव्हच्या डोक्यातून ते जाईना. १९६९ मध्ये त्याने पेनसिल्व्हेनियातल्या मॅकोनेल्सबर्ग या छोट्या गावात कंपनी सुरू केली आणि १९७० मध्ये पहिली बूम लिफ्ट विकली. कंपनीचं नाव त्याच्याच नावाची आद्याक्षरं: जेएलजी.

बूम लिफ्ट आणि सिझर लिफ्ट यांत अनेकांचा गोंधळ होतो. सिझर लिफ्ट म्हणजे कात्रीसारख्या पट्ट्या उघडत सरळ वर जाणारा प्लॅटफॉर्म. तो आडवा जात नाही. बूम लिफ्टला लांब हात असतो, टोकाला पाळणा असतो, मधल्या अडथळ्यावरून पलीकडे पोहोचता येतं. दोन्हींमध्ये खरी क्रांती ही की यंत्र चालवणारा खाली नसून वर पाळण्यातच असतो. ज्याचा जीव वर आहे, बटणं त्याच्याच हातात.

आता पुढची तारीख बघा. २९ डिसेंबर १९७०. अमेरिकेत कामाच्या जागी सुरक्षेचा मोठा कायदा झाला. त्यातून ‘ओशा’ ही यंत्रणा उभी राहिली, जी कामावर तपासणी करू शकते आणि मालकाला दंड करू शकते. ब्रिटनमध्ये असा कायदा १९७४ मध्ये आला आणि उंचीवरच्या कामासाठी वेगळे नियम २००५ मध्ये. त्या नियमांचा क्रम मला फार आवडतो. पहिला प्रश्न: हे काम उंचीवर न जाता करता येईल का? नसेल तर दुसरा: पडणार नाही असं साधन वापरता येईल का? तेही नसेल तरच तिसरा: पडला तर झेलायची सोय काय? म्हणजे आधी वेरूळ, मग लिफ्ट, मग जाळं!

यंत्र आणि कायदा एकाच वेळी आले. पण बाजार खरा फुलला तो तिसऱ्या गोष्टीमुळे. भाडं! एखाद्या ठेकेदाराला सिझर लिफ्ट वर्षातून वीस दिवस लागते. वीस दिवसांसाठी एवढं महाग यंत्र कोण घेणार? म्हणून भाड्याने देणाऱ्या कंपन्या आल्या, आणि आज जगात या यंत्रांचे मोठे गिऱ्हाईक बांधकामवाले नसून याच भाडे कंपन्या आहेत. पैसा मोठा झाला तशी खरेदी-विक्रीही मोठी झाली. २००२ मध्ये जीनी ही कंपनी टेरेक्सने घेतली, तर २००६ मध्ये जेएलजी ऑशकॉशने सुमारे ३०० कोटी डॉलरला घेतली. मग चीनमधून स्वस्त यंत्रं आली, इतकी की अमेरिकेने २०२२ मध्ये आणि युरोपीय संघाने २०२५ मध्ये त्यांच्यावर जादा आयात शुल्क लावलं. आणि आता धूर न काढणारी, बॅटरीवर चालणारी यंत्रं, कारण गोदामाच्या बंद छताखाली डिझेलचा धूर कुणाला हवाय?

म्हणजे बघा, जिथे मजुरी महाग होती, मालकाला दंडाची भीती होती आणि यंत्र भाड्याने मिळत होतं, तिथे ते पसरलं. तीनपैकी एक पाय तुटला की हा बाजार उभा राहत नाही.

आपल्याकडे

भारतात हे तीन पाय कसे आहेत?

भाड्याचा पाय मजबूत होतोय. मुंबई, पुणे, भिवंडीची गोदामं, विमानतळ, मेट्रो, सगळीकडे भाड्याच्या लिफ्ट दिसतात. मोठ्या कंपन्यांच्या कंत्राटातच अट असते की अमुक उंचीच्या वर शिडी चालणार नाही. तिथे सुरक्षा अधिकारी असतो, सकाळी हार्नेस तपासला जातो.

कायद्याचा पायही आहे. परांचीसाठी भारतीय मानक आहे, आयएस ३६९६. बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा कायदा झाला. पण तो लागू कुणाला? जिथे दहा किंवा जास्त कामगार आहेत त्या कामाला. २०२० च्या नव्या कामगार संहितेत, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, दहाची ती रेघ कायम आहे. आता चार मजली सोसायटीच्या रंगकामावर किती माणसं असतात? सहा, सात. रेघेच्या खाली.

कामगार कल्याण मंडळाच्या मदतीच्या योजना आहेत, पण त्यासाठी नोंदणी हवी, आणि नोंदणीसाठी आदल्या १२ महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा. आज या मुकादमाकडे, उद्या त्या मुकादमाकडे जाणाऱ्या रंगाऱ्याने तो गोळा कसा करायचा?

आणि मजुरीचा पाय? तो आपल्याकडे अजून लुळाच आहे. माणूस यंत्राच्या भाड्यापेक्षा स्वस्त पडतो. हिशेब इतका सरळ आणि इतका क्रूर आहे.

थोडं बांबूच्या बाजूनेही बोलू. बूम लिफ्टला उभं राहायला सपाट, पक्की जमीन लागते. दादरच्या चाळीच्या मागच्या बोळात ती आणणार कशी? तिथे परांचीच लागणार. प्रश्न बांबू की यंत्र हा नाहीच. परांची कोण बांधतंय, कोण तपासतंय आणि तिच्यावरचा माणूस कशाला बांधलेला आहे, हा प्रश्न आहे.

‘कशाला बांधलेला’ यावर एक गोष्ट सांगतोच. कमरेचा पट्टा आणि हार्नेस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिसऱ्या मजल्यावरून, म्हणजे साधारण १० मीटरवरून माणूस पडला तर जमिनीवर येईपर्यंत दीड सेकंदसुद्धा लागत नाही, आणि त्याचा वेग ताशी ५० किलोमीटर झालेला असतो. पट्टा बांधलेला माणूस एवढा खाली येत नाही, पण एक-दोन मीटर पडून थांबला तरी सगळा हिसका पोटावर आणि कण्यावर बसतो. हार्नेस तोच हिसका मांड्या, कंबर आणि खांद्यांवर वाटून देतो. म्हणूनच अमेरिकेत १ जानेवारी १९९८ पासून पडणाऱ्याला झेलण्यासाठी नुसत्या कमरपट्ट्याला बंदी आहे. आपल्याकडे रंगाऱ्याच्या कमरेला तोच पट्टा दिसतो, आणि कधी कधी त्याचा हुक त्याच बांबूला असतो जो त्याच्याबरोबर खाली येणार आहे!

हाँगकाँगची आग

बांबूवर बोलताना हाँगकाँगला टाळता येणार नाही. गगनचुंबी इमारतींच्या या शहराने बांबूची परांची सोडली नव्हती. तिथले परांची बांधणारे म्हणजे कलाकार मानले जातात, त्यांना प्रशिक्षण आणि परवाना लागतो. मार्च २०२५ मध्ये सरकारने ठरवलं की नव्या सरकारी इमारतींच्या निदान निम्म्या कामांत धातूची परांची वापरायची.

त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला ताय पो भागातल्या वांग फुक कोर्ट या वसाहतीत आग लागली. आठपैकी सात इमारती पेटल्या. दीडशेहून जास्त माणसं गेली. इमारतींची दुरुस्ती चालू होती आणि सगळ्या बांबूच्या परांचीने वेढलेल्या होत्या. पहिल्या दिवशी सगळ्यांनी बांबूकडे बोट दाखवलं. तपासात मात्र दुसऱ्या गोष्टी पुढे आल्या. परांचीवरच्या जाळीचे काही नमुने आगीला रोखण्याच्या चाचणीत नापास झाले, आणि खिडक्यांवर फोमचे बोर्ड लावलेले होते, जे भराभर पेटतात.

म्हणजे वाचवले कशावर? जाळीवर. गोल्डन गेटच्या हिशेबात जो अर्धा टक्काही नव्हता, त्याच प्रकारच्या किरकोळ खर्चावर. फरक एवढाच की या वेळी किंमत फक्त कामगारांनी मोजली नाही, आत राहणाऱ्यांनीही मोजली.

गोविंदा आणि रंगारी

आता एक तुलना करतो, राग मानू नका. दहीहंडी माझ्याही जवळची आहे. गोविंदा पथक म्हणजे तरी काय? माणसांची परांचीच. थरावर थर. कितीतरी वर्षं गोविंदा पडायचे, हातपाय मोडायचे, जीव जायचे, आणि आपण म्हणायचो, चालायचंच. मग कोर्टात प्रकरणं गेली, उंचीवर आणि लहान मुलांवर वाद झाले, टीव्हीवर चर्चा झाल्या. २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला आणि मृत्यू झाल्यास कुटुंबाला १० लाख रुपयांची मदत ठरवली. आता वरच्या थरावरच्या गोविंदाला हेल्मेट, दोरी, खाली गाद्या असं दिसू लागलंय.

हे चांगलंच झालं. पण हे कशामुळे झालं? गोविंदा पडताना सगळं शहर बघत असतं. रंगारी पडतो तेव्हा फक्त वॉचमन बघतो.

मध्यंतरी आमच्या सोसायटीच्या रंगकामाची कोटेशन्स माझ्या हातात आली. तीन होती. सगळ्यात स्वस्त असलेल्यात रंगाचा ब्रँड होता, किती हात मारणार ते होतं, पाणी गळू नये म्हणून काय लावणार ते होतं. परांचीची ओळच नव्हती. मी विचारलं तर उत्तर आलं, “दादा, ते आमचं आम्ही बघतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका.” सगळ्यात महाग कोटेशनमध्ये परांची, जाळी, हार्नेस, विमा अशा चार वेगळ्या ओळी होत्या. मीटिंगमध्ये एक काका म्हणाले, “एवढे पैसे आपण त्यांच्या माणसांसाठी का द्यायचे?”

बोलणारे काका वाईट माणूस नाहीत. त्यांनी सणाला त्याच रंगाऱ्यांना मिठाई दिली असती. पण १९३२ पासून आजपर्यंत प्रत्येक बांधकामावर हाच प्रश्न विचारला गेलाय, आणि तो जिथे-जिथे अनुत्तरित राहिला तिथे उत्तर खालच्या फरशीवर मिळालं. आमच्याकडे बरीच वादावादी झाली, शेवटी मधलं कोटेशन चार ओळी वाढवून घेतलं. दर महिन्याच्या मेंटेनन्समध्ये घरटी जी वाढ झाली, ती महिन्याच्या दोन पिझ्झांपेक्षा कमी होती.

म्हणून आजच्या भागातून एकच गोष्ट घेऊन जा. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कधीतरी रंगकामाचं किंवा दुरुस्तीचं कोटेशन येईल. सगळे जण खालचा आकडा बघतील. तुम्ही चार गोष्टी विचारा. परांची कोण बांधणार आणि रोज कोण तपासणार? हार्नेस आहे का, आणि तो परांचीला न बांधता इमारतीच्या पक्क्या भागाला बांधणार का? जाळी आगीला धरणारी आहे का, तिचं प्रमाणपत्र दाखवा. आणि कामगारांचा विमा कुणाच्या नावावर आहे?

चार प्रश्नांना दोन मिनिटं लागतात. कोटेशन पाठवणाऱ्याला कळू द्या की इथे कुणीतरी मोजतंय. मग बघा, पुढच्या कोटेशनमध्ये त्या ओळी आपोआप यायला लागतील. बाजार असाच बदलतो.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात किंवा ओळखीत कुणी गवंडी, रंगारी, परांची बांधणारे असतील तर त्यांच्या कामाच्या गोष्टी आम्हाला व्हॉइस नोट करून पाठवा, ऐकायला आवडतील. आणि हा भाग सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला विसरू नका, विशेषतः सेक्रेटरी काकांना! भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.